३०० चा प्लॅन घेऊ नका

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, कनेक्शनवाला परत आला तर त्याला चहा द्या, पण इंटरनेटच्या ३०० एमबीपीएसच्या (सेकंदाला ३०० मेगाबिट) प्लॅनला हो म्हणू नका. तुम्ही पाठवलेले स्पीड टेस्टचे फोटो मी नीट बघितले. आजार म्हशीला आणि औषध पखालीला असला प्रकार होणार आहे. फोनवर सांगायला गेले की आवाज तुटतो, मग तुम्ही वैतागता आणि मीही वैतागते, म्हणून सविस्तर लिहिते. छापून घ्या, हवं तिथे पेनाने खुणा करा.

तुमचे फोटो एकापुढे एक ठेवून बघा. ओटीवर राउटरच्या शेजारी ९२, माजघरात ३१, माडीवर तुमच्या खोलीत ४. फोन तोच, संध्याकाळ तीच. कंपनीची लाइन मंद असती तर ओटीवरही ४ च आले असते. म्हणजे आपण ज्या १०० चे पैसे भरतो ते घराच्या दारापर्यंत पोचतायत. अडतंय ते घरात. ३०० घेतलं तर ओटीवरचा आकडा वाढेल. तिथे तुम्ही फक्त पेपर वाचता. माडीवर चारचे फार तर पाच होतील.

(गंमत म्हणजे २०२३ पासून सरकारी व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँड. त्याआधी तर ५१२ केबीपीएसलाच, म्हणजे जेमतेम अर्ध्या एमबीपीएसलाच, ब्रॉडबँड म्हणायचे. कागदोपत्री तुमची माडी पास आहे.)

"शंभरातले आठ कुठे गेले?" असं तुम्ही विचारलं होतंत. ते कुणी खाल्ले नाहीत. पाठवलेल्या माहितीबरोबर पत्ते आणि तपासणीचा मजकूरही जातो, तो या आकड्यात धरत नाहीत. १०० च्या लॅन पोर्टला (राउटरमागच्या केबलच्या खोबणीला) केबल लावून मोजलं तरी ९४-९५ च्या वर जात नाही. आणि फाइल उतरवताना कॉम्प्युटर "१२" दाखवतो त्यातही फसवणूक नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, कॉम्प्युटर मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० चे साडेबारा.

आता आपल्या भिंती. आजोबांनी दीड फुटी चिऱ्याच्या बांधल्या, उन्हाळ्यात घर गार राहतं ते त्यामुळेच. पण आईने स्वयंपाकघरातून मारलेली हाक माडीवर ऐकू येत नाही, तिथे वाय-फायचं काय घेऊन बसलात? त्यात जांभा पावसात पाणी पितो आणि ओली भिंत रेडिओलहरी जास्त खाते. "पावसाळ्यात नेट जास्त रडतं" हे आईचं निरीक्षण चुकीचं नाही.

तुमच्या फोनमध्ये आपल्याच घरची दोन नावं दिसतात, त्यातल्या एकाच्या शेवटी 'फाइव्ह-जी' आहे. त्याचा मोबाईलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ती ५ गिगाहर्ट्झची लहर. वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. दुसरी २.४ ची, ती लांब जाते पण हळू, आणि शेजाऱ्यांची राउटरं, ब्लूटूथ, आईचा मायक्रोवेव्ह सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. तेव्हा ओटीवर आणि माजघरात फाइव्ह-जी नावाचं जोडा, माडीवर सध्या दुसरं. आणि राउटर टीव्हीच्या मागून, त्या लोखंडी कपाटाच्या आडून काढा. दिसायला बरं दिसत नाही म्हणून आईने तिथे लपवलाय हे मला माहीत आहे. पण आई, उंच आणि उघड्यावरच ठेव, वर रुमालही नको.

टेस्टमध्ये तुम्ही फक्त मोठा आकडा बघता. मला त्याखालचा जास्त महत्त्वाचा वाटतो. पिंग म्हणजे आपला निरोप सर्व्हरपर्यंत (पलीकडच्या कॉम्प्युटरपर्यंत) जाऊन परत यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदात. फायबरमधून, म्हणजे काचेच्या तंतूतून, प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईला जाऊन यायला त्याला जेमतेम चार-पाच मिलिसेकंद पुरतात. वाटेतली यंत्रं धरून दहा-पंधरा आलं तर उत्तम. ओटीवर ९ आलंय. माडीवर १४० आलंय, आणि दर वेळी वेगळं. या चढउताराला जिटर म्हणतात. व्हिडिओ कॉलवर छोटीचं तोंड हलतं आणि आवाज मागून येतो तो यामुळे. कॉलला वेग फार लागत नाही, एक-दोन एमबीपीएसमध्ये भागतं. त्याला लागतं सातत्य. आईच्या मालिकेचं उलट. तिथे निरोप दोन सेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही, कारण टीव्ही पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. फोरके चित्रालाही १५ ते २५ एमबीपीएस पुरे होतात. ३०० घेऊन टीव्ही त्याचं लोणचं घालणार आहे का?

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. रात्री फोन चार्जिंगला लावला की तो दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवत बसतो. नेमकं तेव्हाच आपण बोलतो. माडीवरच्या त्या अरुंद वाटेत फोटोंचा ढीग पुढे आणि आपला आवाज मागे. फास्ट डॉट कॉमवर टेस्ट घेतलीत की "अधिक माहिती" उघडा. तिथे ओझं नसतानाचं आणि ओझं असतानाचं पिंग वेगवेगळं मिळतं. पहिलं १० आणि दुसरं ३००-४०० असेल तर कारण सापडलं. फोटोंचा बॅकअप पहाटेवर ढकला.

खरा उपाय मला एकच दिसतो, तो म्हणजे तांब्याची तार. वायरमनला बोलावून ओटीवरून माडीपर्यंत कॅट-६ (नेटची केबल) ओढून घ्या, आणि तुमच्या टेबलावर जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा, म्हणजे केबलने आलेलं नेट तो तिथे वाय-फायने वाटेल. सेटिंग मी इथून बघेन. केबल शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा, तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका. लांबीची काळजी नको, शंभर मीटरपर्यंत चालते. मात्र ती तुळईच्या कडेने घरातूनच न्या. पडवीबाहेरून न्यायला सोपी आहे असं तो म्हणेल, ऐकू नका. ऑक्टोबरात विजा कडाडायला लागल्या की बाहेरच्या तांब्याच्या तारेतून झटका आत येतो आणि राउटर, टीव्ही सगळं एकदम जातं. त्या दिवसांत ढग दाटले की राउटरचा अडॅप्टर काढून ठेवलेला बरा.

दुकानदार "रिपीटर घ्या, स्वस्तात होईल" म्हणेल. रिपीटर म्हणजे वाय-फाय पकडून पुढे पाठवणारा डबा. स्वस्तातला रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर परत बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आणि भिंतीच्या ज्या बाजूला सिग्नल मेलाय तिथेच लावला तर मेलेलाच पुढे पाठवणार.

कंपनीकडे तक्रार कधी करायची तेही सांगते. लॅपटॉपला थेट केबल लावा, वाय-फाय बंद करा, आईला टीव्ही बंद करायला सांगा, आणि सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा मोजा. सकाळी ९० आणि रात्री २० आलं तर वाटेत कुठेतरी गर्दी आहे, कारण फायबरची एक लाइन पुढे तीसेक घरांत वाटलेली असते. तेव्हा मी स्वतः भांडेन. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल झाला तर टेस्ट करायची गरजच नाही, प्रकाशच पोचत नाही. फायबरची पिवळी तार कुठे मुडपली का बघा, नसेल तर फोन करा. बंद करून चालू करायचं ते बटणाने. मागच्या भोकात टाचणी घालू नका, बाबा. त्याने कनेक्शनचं नाव-पासवर्ड सगळं पुसतं आणि मग तो माणूस येईपर्यंत घर अंधारात.

"स्पीड वाढवून देतो, एक अ‍ॅप टाका, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. कोणाचाही असो.

आई, मालिका अडकते तेव्हा गोल फिरतं की चित्र फक्त धूसर होतं, एवढं मला कळव. आणि प्लॅनवाल्याशी तूच बोल. बाबा भिडेला पडतात.

तुमची,
मनू