हेल्पडेस्क सॉफ्टवेअर निवडताना तक्ता नको, आपल्याच तक्रारी चालवून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संगणक विभागाकडे येणाऱ्या तक्रारींसाठी हेल्पडेस्क सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की सहकारी बँका, महाविद्यालये, रुग्णालये, नगरपरिषदा सगळीकडे आधी तुलनेचा तक्ता तयार होतो. तिकीट (म्हणजे क्रमांक देऊन नोंदवलेली तक्रार) नोंदणी, मालमत्ता नोंद, बदलांची मंजुरी, मोबाइल ॲप अशा रकान्यांत प्रत्येक कंपनी ‘आहे’ लिहून देते. मग उरतो फक्त दर, आणि त्यावरच निर्णय होतो. सहा महिन्यांनी कर्मचारी पुन्हा फोन करून ‘प्रिंटर चालत नाही’ सांगू लागतात. सॉफ्टवेअरमधला फरक तक्त्यात दिसत नाही, आपल्या तक्रारी त्यातून चालवल्या तरच दिसतो. म्हणून हे पत्र.

आधी दराबद्दल, कारण तिथेच मोठी चूक होते. सर्व्हिसडेस्क प्लस, फ्रेशसर्व्हिस, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट या सगळ्यांचे लायसन्स तक्रार सोडवणाऱ्यांच्या संख्येवर असते. तक्रार करणाऱ्यांचे पैसे पडत नाहीत. १,२०० कर्मचारी आणि ८ टेक्निशियन असतील तर ८ लायसन्स लागतात. निविदेत ‘१,२०० वापरकर्ते’ एवढेच लिहिले तर येणाऱ्या दरांची तुलनाच होऊ शकत नाही. संगणक, प्रिंटर, स्विच यांच्या नोंदीचे शुल्क काही ठिकाणी वेगळे असते, तेही आधीच विचारून घ्यावे.

जीएलपीआय आणि ओएसटिकेट ही मुक्त सॉफ्टवेअर. लायसन्स फुकट, सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस आपला. ओएसटिकेट तक्रारींपुरते चांगले आहे, पण कोणता संगणक कोणाच्या टेबलावर, त्याची एएमसी (वार्षिक देखभाल करार) कधी संपते, हे त्यात सांभाळता येत नाही. जीएलपीआयमध्ये ते येते. २०२२ च्या दहाव्या आवृत्तीपासून संगणकांची माहिती आपोआप गोळा करण्याची सोयही त्यातच आहे. झमाड हे आणखी एक सॉफ्टवेअर मेलवरच्या संवादासाठी उत्तम, मालमत्तेची नोंद हा त्याचा प्रांत नाही. लिनक्स (सर्व्हरवर चालणारी मुक्त कार्यप्रणाली) जाणणारा एक जरी माणूस पगारावर असेल तर मध्यम संस्थेने जीएलपीआय आधी बघावे असे माझे स्पष्ट मत आहे. तसा माणूस नसेल तर कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी सेवा घ्यावी. फुकट सॉफ्टवेअर घेऊन ते वर्षानुवर्षे अपडेट न करणे हा सर्वांत महाग पर्याय आहे. सॉफ्टवेअर घडवणाऱ्या टीमला जिरा सोयीचे. सर्व्हिसनाऊसारखी मोठ्या कंपन्यांसाठीची व्यवस्था चालवायला स्वतंत्र चमू लागतो, नगरपरिषदेला तिची गरज नाही.

आता मुख्य चाचणी. गेल्या महिन्याच्या वहीतून किंवा मेलबॉक्समधून ५० खऱ्या तक्रारी काढाव्यात. त्यांत टोनर संपल्याची, पासवर्ड विसरल्याची, शाखेचे नेट बंद पडल्याची, नव्या कर्मचाऱ्याला मेल आयडी हवा असल्याची, अशी सगळी सरमिसळ असावी. अंतिम यादीतल्या दोन सॉफ्टवेअरमध्ये त्या दोन आठवडे चालवाव्यात, आणि त्या चालवणारे कंपनीचे प्रतिनिधी नसावेत, आपलेच टेक्निशियन असावेत.

सर्वाधिक गोंधळ मेलमध्ये होतो. रात्री ११ वाजता एक तक्रार मेलने पाठवून ठेवा आणि सकाळी तिकीट किती वाजता तयार झाले ते बघा. जीएलपीआयमध्ये आपोआप होणारी कामे मूळ सेटिंगवर ठेवली तर कोणीतरी सॉफ्टवेअरची पाने उघडत असेल तेव्हाच चालतात. रात्री कोणी लॉगिन नसेल तर मेल उचललीच जात नाही आणि मुदतीचे इशारेही जात नाहीत. उपाय सोपा आहे. त्या कामांची पद्धत ‘सीएलआय’ (थेट सर्व्हरच्या आज्ञेने चालणारी) करायची आणि सर्व्हरच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून, ती दर मिनिटाला चालवायची. ओएसटिकेटलाही हाच उपाय लागतो. त्याच्या नुसत्या ऑटोक्रॉन या सोयीवर ठेवले तर टेक्निशियन लॉगिन असतील तेव्हाच मेल येते. ‘सॉफ्टवेअर बेभरवशाचे आहे’ अशी जी ओरड होते, तिच्यामागे अनेकदा क्रॉनची ही एकच ओळ राहिलेली असते.

दुसरी परीक्षा रजेच्या मेलची. एका मेलबॉक्सवर ‘मी रजेवर आहे’ असे आपोआप उत्तर लावून तिथून तक्रार पाठवा. सॉफ्टवेअर पोच देते, मेलबॉक्स त्याला उत्तर देतो, सॉफ्टवेअर पुन्हा पोच देते. आपोआप आलेली मेल ओळखून थांबणारे सॉफ्टवेअर हवे, नाहीतर सकाळी शेकडो तिकिटे उभी असतात. मायक्रोसॉफ्टची मेल वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे नुसत्या नाव-पासवर्डवर मेल उचलणे बंद होत गेले, ओऑथ (पासवर्डऐवजी टोकनने परवानगी देण्याची पद्धत) लागते. जुन्या आवृत्तीत ती सोय नसेल तर मेलवरून तिकीटच बनणार नाही.

तिसरी परीक्षा फोटोची. कर्मचारी स्क्रीनवरच्या चुकीचा फोटो मोबाइलवर काढून जोडतात, तो सहज ४ एमबीचा असतो. जीएलपीआय आणि ओएसटिकेट ज्या पीएचपी भाषेत लिहिले आहेत, तिची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आहे. ती वाढवली नाही तर फोटो जात नाही. कर्मचारी दोनदा प्रयत्न करतो आणि तिसऱ्यांदा फोनच उचलतो.

मराठीची चाचणी डेमोमध्ये कधीच होत नाही. पडद्यावर मराठी दिसते, पण पीडीएफ अहवाल काढला की जोडाक्षरे तुटतात आणि ‘प्रिंटर’ची वेलांटी भलत्या जागी बसते, कारण पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररींना देवनागरी जुळवता येत नाही. अहवाल छापूनच बघावा. एसएमएसची पोच मराठीत द्यायची असेल तर एका संदेशात ७० अक्षरे बसतात, इंग्रजीत १६०. १०० अक्षरांची मराठी पोच दोन संदेशांच्या दराने जाते. शिवाय मजकुराचा नमुना दूरसंचार कंपनीच्या डीएलटी या संदेश-नोंदणीच्या व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो. नंतर मजकूर बदलून नोंदणी न केल्यास संदेश पोहोचत नाहीत.

मुदतीच्या घड्याळाचा हिशेब हाताने करून पडताळावा. राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ ९.४५ ते ६.१५. शुक्रवारी सायंकाळी ५.४५ ला आलेल्या, चार तासांत सोडवायच्या तक्रारीची मुदत सोमवारी दुपारी १.१५ ला संपली पाहिजे. सॉफ्टवेअर शुक्रवार रात्री ९.४५ दाखवत असेल तर कामाच्या वेळांचे कॅलेंडर जोडलेलेच नाही. बँकांनी दुसरा आणि चौथा शनिवार धरून हाच हिशेब करावा. तिकीट ‘प्रलंबित’ केले की जवळपास सगळ्यांत घड्याळ थांबते, त्यामुळे मुदत पाळल्याचा आकडा सुंदर दिसतो आणि तक्रारदार ताटकळत बसतो. प्रत्येक तिकीट किती तास प्रलंबित होते, याचा वेगळा अहवाल निघतो का, हे विचारायलाच हवे.

सुरक्षेच्या घटनांना मात्र हे कॅलेंडर लावू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग (यंत्रणेतल्या घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. अशा तक्रारींसाठी वेगळा प्रकार, चोवीस तास चालणारे घड्याळ आणि थेट जबाबदार अधिकाऱ्याला इशारा, ही मांडणी पहिल्याच दिवशी करावी. हेल्पडेस्क सॉफ्टवेअर स्वतःही लक्ष्य असते. २०२१ मध्ये सर्व्हिसडेस्क प्लसमधल्या आणि २०२२ मध्ये जीएलपीआयमधल्या गंभीर त्रुटींचा हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापर केला. दोन्हींसाठी दुरुस्त्या निघाल्या होत्या. ज्यांनी त्या बसवल्या नाहीत त्यांचे सर्व्हर उघडे राहिले.

शेवटची अट बाहेर पडण्याची. ओटीआरएस या हेल्पडेस्क सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती २०२० च्या अखेरीस बंद झाली, तिची झ्नूनी ही शाखा इतरांनी पुढे चालवली. जिराच्या सर्व्हर आवृत्तीला १५ फेब्रुवारी २०२४ नंतर आधार उरला नाही. असे कोणत्याही सॉफ्टवेअरचे होऊ शकते. म्हणून चाचणीच्या दोन आठवड्यांतच सर्व तिकिटे, त्यांवरचा पत्रव्यवहार आणि जोडलेल्या फाइली तिकीट क्रमांकासह बाहेर काढून मागाव्यात. फक्त तिकिटांची यादी एक्सेलमध्ये मिळाली तर ती पुरेशी नाही. पत्रव्यवहार आणि फाइली देता येत नसतील तर दर कितीही कमी असला तरी त्या कंपनीची निविदा स्वीकारू नये.

आपला,
संगणक सेवा व्यवस्थापन क्षेत्रातील एक वाचक, पुणे