आठवड्याला एक अक्षरचौकट छापा

महोदय,

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा मुलांच्या ऑनलाइन वर्गांवर रकानेच्या रकाने लिहून आले. त्याच घरातली निरक्षर आई-आजी मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती. आता केंद्राचा २०२२ ते २०२७ चा ‘उल्लास’ कार्यक्रम १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे, त्याचे ॲपही आहे. पण वाचता न येणाऱ्याने ॲप उघडायचे कसे? नोंदणी स्वयंसेवक करून देतो; शिकवणे त्यानंतर सुरू होते. ते फोनवरून कसे जमते आणि त्यात आपल्या अंकाची मदत कशी होईल, ते सांगतो.

महामारीत फोनवरून प्रौढांना शिकवताना व्हिडिओपेक्षा साधा कॉल आणि कागद जास्त उपयोगी पडला. शाहूवाडी-गगनबावड्याच्या वाड्यांवर इंटरनेटच्या रेंजसाठी टेकाड चढावे लागते आणि घरातला एकुलता स्मार्टफोन मुलाच्या खिशात असतो. त्यामुळे वर्गाची वेळ रात्री साडेआठचीच बरी. धारा काढून, जेवणे उरकून झालेली असतात, फोनही घरी आलेला असतो. कॉन्फरन्स कॉलवर चार-पाच जणी पुरे, आणि १५ मिनिटांत आटोपायचे. धड्याचा कागद पोचवायला दूध संस्थेसारखी जागा नाही, तिथे घरातले कुणी ना कुणी दोन वेळा जातेच.

‘अ आ इ’पासून सुरुवात केली की महिनाभर एकही शब्द वाचता येत नाही आणि बाई गळते. त्याऐवजी ग, म, न, र ही चारच अक्षरे घ्या. पहिल्याच आठवड्यात नगर, मगर, गरम, मन, नमन वाचून होतात. पुढे एक काना दिला की नाग, राग, रान, मामा, नाना. सरावाला दूध संस्थेचीच पावती घ्यावी. लिटर, फॅट, दर हे आकडे तिला तोंडपाठ असतात, फक्त कागदावर ओळखायचे असतात.

फोनवर खरी अडचण कानाची. साध्या कॉलमध्ये वरच्या पट्टीतले आवाज कापले जातात, म्हणून स आणि श सारखेच ऐकू येतात, प-फ मध्येही घोटाळा होतो. नुसते अक्षर उच्चारू नये; ‘समईतला स’, ‘शहाळ्यातला श’ असेच सांगावे. लिहिताना ख चे ‘रव’ होते, घ-ध आणि भ-म ची अदलाबदल होते. ही चूक ऐकून कळत नाही, फोटोच लागतो. तो खिडकीजवळ, कागद जमिनीवर ठेवून, एकाच ओळीचा काढायला सांगावा. पाटीचा नको, ती चमकते. आणि जिला ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणतात, तिला बऱ्याचदा चाळिशीचा चष्मा हवा असतो.

व्हॉट्सॲप ग्रुपला नाव दिले तरी तिला ते वाचता येत नाही. ग्रुपचा फोटो समईचा ठेवा, शिकवणारीच्या नंबरलाही तिचा चेहरा लावून द्या. निरोप आवाजातच, एका मिनिटाच्या आत. शेजारच्या दोघींची जोडी लावली की एकीचा फोन बंद पडला तरी वर्ग बुडत नाही. शिवाय ‘आक्का, आज आली नाहीस?’ हे विचारणारे कुणीतरी असते. ग्रुप टिकतो तो या विचारपुशीवर. सुप्रभातच्या फुलांचा पूर आला की तोच ग्रुप मरतो, हेही सांगून ठेवतो.

आता आपल्याकडे मागणी. आपला अंक गावोगावी चहाच्या टपरीवर, ग्रामपंचायतीत पोचतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या पानावर एक चौकट द्यावी: चार अक्षरे, त्यांचे पाच शब्द, एक ओळ आकड्यांची. ती कापून भिंतीला लावता येते आणि रात्रीच्या कॉलवर सगळ्यांसमोर एकच मजकूर असतो. अक्षरे किमान ७२ पॉइंटची, जाड आणि साधी हवीत. वळणदार फॉन्ट नको. ल आणि श मात्र २००९ च्या शासन निर्णयातले, पाकळीचा ल आणि देठाचा श, असेच छापावेत. बऱ्याच फोनवर हिंदी वळणाचे ल-श दिसतात, पाठ्यपुस्तकात मराठी वळणाचे. नवशिक्या बाईला ती चार वेगळी अक्षरे वाटतात.

— साक्षरता वर्गांचे स्वयंसेवक, कोल्हापूर