कपाटातला कागद

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. अवंतीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस सुटली, तू खिडकीतून हात केलास, आणि तुला द्यायची पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली. गच्चीवर आपल्यात जे बोलणे झाले ते तुझ्या आईला अजून ठाऊक नाही, आणि फोनवर बोलावे तर तिला स्वयंपाकघरातूनही सगळे ऐकू जाते, म्हणून लिहीत आहे. तुझ्या कपाटात माझ्या हाती लागलेल्या त्या तपासणीच्या कागदाचा विषय पुन्हा काढायचा नाही, असे ठरवूनच बसलो आहे.

कॉलेजातून तीन वर्षांची रजा घेऊन, सहायक प्राध्यापकाची खुर्ची सोडून तू पीएचडीसाठी जावेस हे मला मान्य नव्हते असा तुझा समज झाला आहे. तो खरा नाही. पस्तीस वर्षे अडत दुकानात गुळाच्या ढेपांची, आमच्या भाषेत रव्यांची, वजने लिहिणाऱ्या दिवाणजीची मुलगी क्षयाच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर संशोधन करते, हे मी बाजारात किती जणांना सांगितले आहे ते तुला कळले तर तूच संकोचशील. 24 मार्चला, म्हणजे 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये हा जंतू सापडल्याचे जाहीर केले त्या तारखेला, तू विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान दिलेस, आणि मी शेवटच्या बाकावर बसून ते उतरवून घेतले. इतर साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, हा पंधरा-वीस तास घेतो. काचपट्टीवर गरम करून चढवलेला लाल रंग हा जंतू आम्लाने धुतला तरी सोडत नाही. त्याला वाढवायला अंडी फेटून, त्यात हिरवा रंग घालून, बाटलीत मंद उष्णतेवर घट्ट करावे लागते. तो तर अंड्यांचा खरवसच, असे मी घरी येऊन तुझ्या आईला म्हणालो. त्या बाटलीत काही उगवले नाही असे म्हणण्याआधी आठ आठवडे वाट पाहावी लागते, हे ऐकल्यावर लहानपणी कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंतही दम न धरणारी तू हीच का, असे वाटून गेले.

पण त्याच व्याख्यानात तू हेही सांगितलेस की तुझ्या बाटल्यांतल्या जंतूंवर आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही मुख्य औषधे चालत नाहीत. कपाटातला तो कागद हाती आला तेव्हा मला पहिल्यांदा तेच वाक्य आठवले. क्षयाची ती इग्रा नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे, जंतू शरीरात निजलेले असतात, शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच पुढे कधीतरी आजार होतो, हे तू समजावलेस आणि मला ते समजले. हिशेब मलाही येतो. शंभरात पाच म्हणजे विसात एक. विसात एक रवा ओला निघाला तर आमच्याकडे व्यापारी सगळी गाडी उतरवायला लावत असे. जंतू वॉर्डातून आले असतील, बसमधून आले असतील, आपल्या देशात ते कोणाच्याही अंगात असू शकतात, हेही मान्य. पण प्रयोगशाळेतूनच आले असतील तर ज्या सहा महिन्यांच्या आयसोनियाझिडच्या गोळ्या घेईन असे तू म्हणत होतीस, त्यांचा उपयोग काय? या प्रश्नावर तू ‘आप्पा, मी डॉक्टर आहे’ एवढेच म्हणालीस, आणि मी आवाज चढवला. तो चढवायला नको होता.

तू अक्काआत्याला पाहिले ते तिच्या उतारवयात. ती मोठ्याने बोलते म्हणून तू तिला घाबरायचीस. 1966 मध्ये ती मिरजेला वानलेसवाडीच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये होती. आई दर रविवारी पॅसेंजरने जाई आणि मला बरोबर नेई, पण आत सोडत नसत. मी कुंपणाशी उभा राहून व्हरांड्यातल्या खाटा मोजत असे. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी ती वाचली आणि त्याच इंजेक्शनांनी तिचे कान गेले. कानात रहाट फिरतो, असे ती म्हणायची. घरी आल्यावरही तिचे ताट किती वर्षे वेगळे होते ते मी सांगणार नाही, कारण ते वेगळे ठेवणाऱ्यांत मीही होतो.

जुन्या ठिकाणी, जंतूंच्या बाटल्या ज्यात उघडता त्या बायोसेफ्टी कॅबिनेटची वार्षिक तपासणी वेळेवर होत नसे, असे तू एकदा सहज बोलून गेलीस. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी त्या तपासणीची तारीख विचार. मास्क चेहऱ्याला नीट बसतो की नाही ते पाहा. दमली असशील तर त्या दिवशी बाटली उघडू नकोस, आणि नमुने गरगर फिरवणारे ते सेंट्रिफ्यूज यंत्र थांबल्याबरोबर झाकण काढू नकोस. वडणग्याच्या गुऱ्हाळावरचा म्हातारा गुळव्या उकळत्या काहिलीत पोळला तो पहिल्या हंगामात नव्हे, तिसाव्या हंगामात, कारण तोवर त्याला भीती वाटेनाशी झाली होती. हे सगळे मी कोणाला शिकवतो आहे? मास्क कसा घालावा हे तू दरवर्षी दीडशे मुलांना शिकवतेस. क्षमा कर. तुझा आधीचा प्रबंध शब्दकोश घेऊन वाचला तरी त्यातली चाळीस पानेच मला लागली, आणि तेवढ्या आधारावर मी बोलतो आहे.

तरीही गोळ्यांचे काय ठरले ते कळव. तुझ्यासारख्यांसाठी दुसरे एखादे औषध असेल तर त्याचे नाव लिही, आणि त्याने कानांना काही होत नाही ना, तेही लिही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे असे तू म्हणालीस. पुढचा कधी काढणार, ती तारीख हवी.

तुझी आई आत्ताच विचारून गेली की एवढे लांबलचक काय लिहिता. सोसायटीचा अर्ज आहे असे सांगितले. उत्तराच्या पाकिटावर फक्त माझे नाव घाल.

तुझे,
आप्पा

ता. क. दर महिन्याला वजन करून कळवत जा. परवा निघण्याआधी तू सहज म्हणून वाण्याच्या काट्यावर उभी राहिलीस तेव्हा 51 किलो 400 ग्रॅम भरले होते. मी वहीत लिहून ठेवले आहे.