दोन पाकिटं

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले, तेव्हाच कळलं की पटलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. जपानला तुम्ही दोघांनीच जायचं हे मी परस्पर ठरवलं, आणि किसो खोऱ्यातल्या दोन रात्री मिन्शुकूत, म्हणजे तिथल्या घरगुती मुक्कामात, बुक केल्या, त्याही परस्पर. रजा मिळाली असती तर मी आलेच असते. सहल वर्षभर पुढे ढकलावी असंही मनात आलं. पण बाबा, तुमचा गुडघा... जाऊ दे. आत्ता चालतोय ना, मग आत्ताच जा.

बाबांचा प्रश्न रास्त आहे: आगाऊ एक पैसा न घेता खोली ठेवतील कशावरून? त्या थंडीच्या सहलीत रात्री साडेअकराला काय झालं ते मीही विसरलेले नाही. पण तिथे पूर्ण पैसे आधी भरलेले होते, आठवतं? इथे उलट आहे. चार-पाच खोल्यांचं घर, म्हातारं जोडपं चालवतं. कार्डाचं मशीन ठेवलं की प्रत्येक बिलामागे कमिशन जातं, पैसेही उशिरा हातात येतात; त्यापेक्षा त्यांना आल्यावर रोख बरी वाटते. विश्वास तेच आपल्यावर टाकताहेत. मालकीणबाई दोघांचा स्वयंपाक करून वाट बघणार. म्हणून ऐनवेळी "आज इथेच राहू" असं करायचं नाही, बाबा. उशीर होणार असेल तर मला कळवा, मी त्यांना फोन करीन. जेवण संध्याकाळी सहाला असतं आणि ते थांबत नाही.

आई, तुझ्यासाठी सगळं विचारून घेतलंय. संडास कमोडचा आहे. गाद्या जमिनीवर घालतात, पण बाबांना उठता यावं म्हणून दोन-दोन घाला असं कळवलंय. जेवायला उंच खुर्ची देणार आहेत. तिकडे साध्या सूपातही माशाचा अर्क असतो, म्हणून तुझं ताट वेगळं सांगितलंय. तरी हे त्यांच्या भाषेत लिहिलेला कागद तुझ्या पर्समध्ये ठेव. न्हाणीघर सामाईक आहे, पण आतून कडी लावता येते.

आता पैशांचं. मागोमे आणि त्सुमागो या मुक्कामाच्या दोन गावांची दोन पाकिटं केली आहेत, वर नावं घातली आहेत. आत मोजून येन आहेत. दर खोलीचा नसतो, माणशी असतो, दोन्ही जेवणं धरून; त्यामुळे आकडा दुप्पट दिसला तर बाबांनी वाद घालू नये. पैसे हातात द्यायचे नाहीत, समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. टीप द्यायची नाही, त्यांना अवघडल्यासारखं होतं. 2024 च्या जुलैत नव्या नोटा आल्या, पण जुन्याही चालतात, दोन वेगळे चेहरे दिसले म्हणून घाबरू नका. आल्या आल्या पासपोर्ट मागतील आणि त्याची झेरॉक्स काढतील, तो तिथला नियम आहे. जास्तीचे पैसे लागले तर खोऱ्यात शिरण्याआधीच शहरात काढा. सेव्हन-इलेव्हन नावाच्या दुकानांतल्या एटीएमला आपलं कार्ड चालतं. मशीनने रुपये की येन विचारलं तर येन. रुपयांत ते त्यांच्या सोयीचा भाव लावतात.

मागोमेहून त्सुमागोची पायवाट साधारण आठ किलोमीटर आहे. वाटेत अस्वलांना कळावं म्हणून वाजवायच्या घंटा टांगल्या आहेत. बाबा, हे वाचून तुम्हाला चालायचा हुरूप येणार, मला माहीत आहे. बसनेच जायचं. घंटा वाजवायचीच असेल तर वाटेच्या तोंडाशी दोन पावलं जाऊन या, आणि आईने फोटो पाठवायचा. नसता मी विश्वास ठेवणार नाही.

खरं सांगू? रोकड सांभाळायला मी तुम्हाला काय शिकवणार! कार्ड चाललं नाही की मीच घामाघूम होते. तुमच्या बनियनला आईने शिवलेला चोरखिसा कधी रिकामा निघाला नाही. आणि आई, तू भिंतीकडे तोंड करून कमरेची पिशवी सोडायचीस, तेव्हा मी फ्रॉक दोन्ही हातांनी पसरून पाठीमागे उभी राहायचे, कुणी बघू नये म्हणून. पुरत तर नव्हताच फ्रॉक. तरी तू म्हणायचीस, "हलू नकोस हं."

मागोमेचं पाकीट त्याच पिशवीत ठेव. त्सुमागोचं बाबांकडे. काढताना आडोशाला या वेळी बाबांना उभं कर, आणि त्यांनाही सांग, हलायचं नाही.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, पावती मागाच. हाताने लिहून देतात म्हणे. मला हवी आहे.