जुन्या मोटारींतील आवश्यक बदलांची यादी परिवहन विभागाने जाहीर करावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वाहनांत बेकायदा फेरफार करणाऱ्यांवर परिवहन विभागाने कारवाई केल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर आणि समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे लावून फिरणाऱ्यांची गय करू नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु उत्पादन बंद पडलेली जुनी मोटार हौसेने सांभाळणारे आणि ती रस्त्यावर चालवणारे मालकही याच कायद्याच्या कचाट्यात सापडतात, आणि त्यांची अडचण मात्र कोणी मांडत नाही. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी असल्याने ती मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून तयार होणारी ही मोटार १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि नव्या शतकाच्या तोंडावर तिचे उत्पादन थांबले. त्यानंतरही बरीच वर्षे तिचे सुटे भाग दुकानांत सहज मिळत होते, ते आमच्यासारख्या हौशी मालकांमुळे नव्हे, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. टॅक्सीला रोज धावायचे असल्याने तिचे क्लच प्लेट, बेअरिंग, ब्रेकचे किट सतत खपत आणि दुकानदारही माल भरून ठेवत. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे त्या हळूहळू मोडीत निघाल्या. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ज्या भागाला महिन्यातून एखादेच गिऱ्हाईक येते, तो फळीवर ठेवणे दुकानदाराला परवडत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

आज हे भाग शोधायचे म्हणजे पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाउस, आणि तेथेही नाही मिळाले तर दिल्लीचे काश्मिरी गेट. काचेचे बीडिंग, दरवाजाची मूठ, बंपर असा दिसणारा माल कोठे ना कोठे सापडतो. तसा तो न मिळाल्याने गाडी धोकादायकही होत नाही. खरी अडचण ब्रेकची आहे. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असून प्रत्येक व्हील सिलिंडरमधला, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या नळकांड्यातला, रबरी कप चांगल्या प्रतीचा असावा लागतो. खोक्यावर नावाजलेल्या कंपनीचा ठसा असतो, पण आतले रबर निकृष्ट असले तर ते ब्रेक ऑइलमध्ये फुगते, पिस्टन मागे सरत नाही आणि चाक तापून जाम होते. नवा कप हातात घेऊन त्याची कड दाबून पाहिली तरी हा दोष कळत नाही. तो काही आठवड्यांनी रस्त्यावर कळतो. पुढची चाके ज्या खिळीवर वळतात त्या किंग पिनचे बुश (पिनभोवतीची धातूची नळी) त्या मानाने सोपे, कारण जाणकार लेथवाला गनमेटलमधून ते कातून देतो आणि रीमर फिरवून पिन अशी बसवतो की ती बोटाने फिरावी, पण हलू नये. असे कारागीर आता कमी राहिले आहेत, आणि त्यांच्या कामाच्या पावतीवर ‘बुश बनवणे’ यापलीकडे काही लिहिलेले नसते.

मूळ भाग मिळत नाही तेव्हा पर्यायी भाग बसवावा लागतो. काही वेळा तर मूळ भाग मिळूनही बदल करावाच लागतो. जुन्या पद्मिनींना बॅटरी चार्ज करण्यासाठी डायनामो होता. पावसाळ्यात दिवे आणि वायपर चालू ठेवून गाडी वाहतुकीत अडकली की तो पुरेसा चार्ज देत नाही आणि बॅटरी उतरते, म्हणून त्या जागी छोट्या मारुतीचा अल्टरनेटर बसवून घेण्याची रीत पडली. दुसरा बदल सरकारी धोरणानेच आमच्यावर आणला आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते; जुन्या प्रतीचे रबरी पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेला नसल्याने तो कडक होतो किंवा चिरतो, आणि कार्ब्युरेटरला नव्या गाड्यांप्रमाणे मिश्रण आपोआप जुळवून घेता येत नसल्याने त्यातले पेट्रोल सोडणारे जेट बदलावे लागते. गरम इंजिनाशेजारी पेट्रोल गळत राहण्यापेक्षा हे बदल केलेले बरे, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

कायद्याची स्थिती मात्र अशी आहे की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या तरतुदीत अल्टरनेटर नेमका कोठे बसतो, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले तर काय, स्टिअरिंगलगतच्या गिअरऐवजी फ्लोअर गिअर बसवला तर काय, याचे लेखी उत्तर सामान्य मालकाला सहजी मिळत नाही. वास्तविक फ्लोअर गिअर कंपनीनेच शेवटच्या काळातील काही पद्मिनींना दिला होता. पासिंगच्या वेळी एक निरीक्षक ज्याकडे दुर्लक्ष करतो, त्यावर दुसरा बोट ठेवतो, आणि मग एजंटाचे फावते.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु त्यांचा लाभ पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या वाहनांनाच मिळतो. शिवाय असे वाहन रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रामुख्याने प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगी रस्त्यावर आणायचे असते. बहुतेक पद्मिनी या वयात बसत नाहीत. १९९० ची गाडी २०४० पर्यंत मूळ स्वरूपात टिकवा, असे नियम सांगतात; पण तोवर ती कोणत्या भागांवर चालवायची, याचा विचार त्यांत नाही. दरम्यान नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. जुनी गाडी ठेवण्याची किंमत मोजायला आमची तक्रार नाही, पण पैसे भरल्यावर नियम तरी स्पष्ट असावेत.

म्हणून परिवहन आयुक्तांना आपल्या दैनिकामार्फत दोन विनंत्या आहेत. पहिली म्हणजे उत्पादन बंद झालेल्या मोटारींत सुरक्षिततेसाठी किंवा इंधनाच्या बदलामुळे करावे लागणारे कोणते बदल केवळ कळवून करता येतील, कोणत्या बदलांना पूर्वपरवानगी लागेल आणि कोणते मुळीच चालणार नाहीत, याची यादी मराठीत प्रसिद्ध करावी आणि केलेल्या बदलाची नोंद आरसी पुस्तकात करून द्यावी. दुसरी विनंती नोंदणीकृत भंगार केंद्रांविषयी आहे. तेथे येणाऱ्या अशा गाड्यांचे गिअर बॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक ड्रम, स्टिअरिंग बॉक्स हे सुस्थितीतले भाग थेट वितळवायला न पाठवता, कोणत्या गाडीचे आहेत याची नोंद ठेवून आणि पावती देऊन विकण्याची सोय करावी. तसे झाल्यास मालकाला भाग कोठून आला हे कळेल आणि चोरीच्या मालाच्या संशयातून दुकानदारही सुटेल.

आपला,
एक पद्मिनीमालक, पुणे