सूचना : डिसेंबरमधील स्मरण-सप्ताह

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

२० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी, २४ला साने गुरुजींची जयंती आणि २६ला बाबा आमटे यांची. दरवर्षीप्रमाणे हे तिन्ही दिवस आपण एकत्र साजरे करणार आहोत.

२०ला सकाळी सात वाजता सभागृहासमोरचा रस्ता आणि बसथांबा झाडायला जमायचे आहे. खराटा घरून आणावा. हार-नारळ कृपया आणू नयेत. बाबा कुणाला पाया पडू देत नसत. गावात शिरताच आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातून मिळालेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र फुटक्या मडक्यातच जेवले. १९५६ साली अमरावतीजवळ पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. हे आठवले की मला आजही भरून येते.

२४ला सायंकाळी सहा वाजता मुलांसाठी गोष्टी. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये केलेल्या उपोषणाची गोष्ट आजीआजोबांनी सांगावी, ही विनंती. नातवंडांना अवश्य आणा.

२६ला आनंदवनाविषयी गप्पा. ज्यांनी वरोऱ्याला जाऊन ते पाहिले आहे, त्यांनी दोन शब्द बोलावे. साधनाताईंचाही फोटो बाबांच्या शेजारी असेल. गेल्या वर्षी तो राहून गेला होता.

चहाची व्यवस्था आहे. येणाऱ्यांनी १८ तारखेपर्यंत नाव कळवावे.

– चिटणीस