चहा महाग नाही, स्वस्त होणार होता

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला बोस्टन टी पार्टीवरचा लेख वाचला, म्हणजे 1773 मध्ये तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या अमेरिकेत, बोस्टन बंदरात लोकांनी कंपनीचा चहा समुद्रात फेकला त्यावरचा. छान होता, पण "इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला म्हणून लोक भडकले" हे काही बरोबर नाही. आम्हालाही शाळेत असंच शिकवलेलं म्हणा. एक पौंड वजनाच्या चहाला 3 पेन्सचा कर 1767 च्या कायद्यापासूनच होता, 1773 च्या टी अ‍ॅक्टने तो वाढवला नाही, उलट ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधली ड्युटी माफ केली आणि मधल्या व्यापाऱ्यांना वगळून ठरावीक एजंटांमार्फत थेट अमेरिकेत माल विकायची मुभा दिली, म्हणजे चहा स्वस्तच होणार होता. बोस्टनच्या एजंटांत गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं, आता बोला!

माझं किराणा दुकान आहे त्यामुळे हे मला पटकन कळतं. कंपनी एकालाच माल द्यायला लागली की आधी भाव पाडतात, गिऱ्हाईक खूश, आणि बाकीची दुकानं बसली की मग खरा भाव कळतो. तिथल्या व्यापाऱ्यांना हीच धास्ती होती, आज चहा उद्या आणखी काही. त्यातले बरेच डच चहाचं स्मगलिंग करायचे आणि त्यांचा धंदा बुडणार होता हेही खरंय. पण ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही तिने आमच्यावर कर लावायचाच कसा, हा मुद्दा स्मगलर नसलेल्यांनाही पटलेला.

लेखात आपल्याकडचा धागा मात्र अजिबात आला नाही. बंगालच्या 1770 च्या दुष्काळात माणसं मरत होती तरी कंपनी सारा वसूल करत राहिली, आणि ही गोष्ट पार अमेरिकेत पोचलेली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सन या वकिलाने 1773 मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात त्या भूकबळींचा उल्लेख केलाय, की ज्यांनी तिकडे हे केलं ते आता इकडे येतायत.

16 डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या समुद्रात गेल्या हे तुम्ही दिलंय ते बरोबर. फक्त सोबतचा फोटो आसामच्या मळ्याचा टाकलाय तेवढं बघा, तो चहा चीनचा होता, आसामात मळे लागायला अजून साठेक वर्षं होती.

- एक किराणा दुकानदार, सातारा